उताराचा ड्रायव्हर

वैशाखात करीम नदाफाचा बैल मेला आणि अण्णासोचा बैल विधुर झाला.

दोघांचा पैरा होता. एक बैल अण्णासोचा, एक करीमचा, आणि दोन्ही घरांत मिळून एक जोडी. आज अण्णासोच्या खाचरात चिखलणी, तर उद्या करीमच्या. अण्णासोचा मोग्या जुवाच्या डाव्या अंगाला चालायचा, करीमचा पठ्ठ्या उजव्या. मोग्याला चुकून उजवीकडं जुंपलं तर तो पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखा खाली मान घालून उभा राहायचा, पाऊल उचलायचा नाही. धन्यांचंही तसंच. अण्णासो नांगर धरायचा आणि सारखा बोलायचा. करीम बैलांच्या पुढं चालायचा आणि ऐकायचा. दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून हे असं चाललं होतं आणि बदलायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

पठ्ठ्याचं पोट फुगलं. औषधं सगळ्या वाडीनं सांगितली आणि पठ्ठ्यानं ती सगळी घेतली. त्यामुळं तो नेमका कशानं मेला हे अजून ठरलेलं नाही. कातळाची जमीन, पहार मारली की ठिणगी उडायची; तरी दोघांनी दिवस मावळेपर्यंत खड्डा काढला. अण्णासोच्या तळहाताला फोड आले. करीमची बायको लालबी बांधावर पदर तोंडाला लावून बसली होती आणि अण्णासोची शांतव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्या दिवशी अण्णासो एक शब्द बोलला नाही. वाडीला बैलापेक्षा त्याची जास्त काळजी वाटली.

मग दोघं बाजार फिरले. उजव्या अंगाचा, मोग्याच्या उंचीचा, मोग्याच्या चालीचा बैल पाहिजे होता. एक मिळाला तो उंच होता. एक जमला, पण अण्णासो म्हणाला, "ह्येची नजर बरी न्हाय." करीमनं दुसरा दाखवला, तर, "ह्येची शेपटी बग की." खरं म्हणजे बैलात काही खोड नव्हती. खोड एवढीच होती, की तो पठ्ठ्या नव्हता.

अशा वेळी अण्णासोचा मेहुणा बसवराज शिरोळहून आला. शिरोळात ऊस, कृष्णेचं पाणी आणि ट्रॅक्टर. त्यामुळं तिकडची माणसं चंदगडात आली की आजारी माणसाच्या घरी आल्यासारखी हळू बोलतात. बसवराज ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "दाजी, किती दिवस बैलाच्या शेपट्या पिळनार? यंत्र घ्या. ह्या साली काजूनं हात दिलाय न्हवं तुमाला?"

"दिलाय की," अण्णासो म्हणाला.

"मग? आमच्याकडं कुनी बैल ठेवत न्हाय आता. फकस्त बेंदराला पुजायला उसना आनत्यात."

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत पोचली. हंबीरराव सरपंच गिरणीत रोज यायचे. दळण नसलं तरी यायचे. बातमी ताजी असतानाच बरी, असं त्यांचं मत होतं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णासो, यंत्र घेनार म्हनं?"

"बगतोय."

"घे घे. झ्याक काम. मग पैरा सुटला म्हना की. आता तुला करीम कशाला लागतोय?"

करीम तिथंच होता, ज्वारीच्या पाटीवर हात ठेवून. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. अण्णासोला काहीतरी बोलायचं होतं. एरवी शब्द त्याच्या तोंडात रांगेनं उभे असायचे. त्या दिवशी रांग मोडली. करीमनं पाटी उचलली आणि म्हणाला, "माजं नंबरात हाय का न्हाय बगा जरा."

घरी आल्यावर शांतव्वा म्हणाली, "तुमी तितं काय बोललासा?"

"काय बोलू?"

"तेच की. बोलायचं तवा तोंडात दगुड. आनि एरवी ऐकून कान किटत्यात."

पैरा म्हणजे कागदावर काही नसतं. एकाकडं एक बैल, दुसऱ्याकडं एक, एवढंच. करीमकडं आता एकही नव्हता. अण्णासोनं यंत्र घेतलं तर करीमचं भात कसं लागणार, हे वाडीत सगळ्यांना कळत होतं आणि विचारत कुणी नव्हतं.

यंत्र बघायला कोल्हापूरला जायचं ठरलं, तेव्हा अण्णासो पहाटे करीमच्या दारात जाऊन उभा राहिला. "चल."

"मी कशाला अण्णा? तुजं यंत्र."

"बैल घेताना मी एकटा गेलतो का कवा? चल म्हनतो तर."

करीम आत गेला, टोपी घालून आला. लालबी दारामागून म्हणाली, "अपने पाँव पे अपने हाथ से कुऱ्हाडी. जाव." करीमनं ऐकून घेतलं. ऐकण्याचा सराव त्याला दोन्ही घरांचा होता.

शांतव्वाही निघाली. तिनं कमरेला एक दोरी गुंडाळून घेतली होती. अण्णासोनं विचारलं, "ही कशाला? मला बांदायला?" ती म्हणाली, "वरच्या खाचराच्या वाटंची रुंदी हाय ती. मापून आनलीया."

एस.टी.तून उतरल्यावर तिघं आधी ट्रॅक्टर बघायला गेले. ट्रॅक्टर लाल होता, अण्णासोपेक्षा उंच होता आणि त्याच्याकडं बघत नव्हता. शांतव्वानं दोरी सोडली आणि दोन चाकांमध्ये धरली. दोरी संपली तरी ट्रॅक्टर शिल्लक होता.

"ह्यो आमच्या वाटंत मावत न्हाय," ती म्हणाली.

दुकानदार म्हणाला, "वाट रुंद करा."

"त्याला डोंगर सरकवाय लागंल. तेवडं काजू न्हाय पिकलं."

मग एका गॅरेजच्या आवारात जुनी जीप उभी होती, मिलिटरीतून लिलावात निघालेली. तिला बघून अण्णासोचं जे झालं ते त्याच्या लग्नात झालं नव्हतं. तो चढून बसला. चाक दोन्ही हातांनी धरलं. हॉर्न वाजत नव्हता म्हणून तोंडानं वाजवला. जत्रेला जीप, बाजाराला जीप, बसवराजच्या दारात जीप, असं सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलं. करीम बाजूला उभा राहून हसत होता.

शांतव्वानं मालकाला विचारलं, "ही चिखलात काय करती?"

"मावशी, कसल्याबी चिखलातनं भायेर येती!"

"आमाला चिखलात जायाचं हाय," शांतव्वा म्हणाली. "उतरा खाली."

अण्णासो उतरला. उतरताना त्यानं जीपच्या पत्र्यावर हात फिरवला, गाभण म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा.

तिसऱ्या दुकानात पॉवर टिलर होता. दोन चाकं, पुढं इंजिन, मागं दोन लांब मुठी आणि चिखल घुसळायला खाली फिरती पाती. मागं ट्रॉली जोडली की तिच्या तोंडाशी लोखंडी बैठकीवर बसून हाकायचा. घरामागच्या परड्यातलं शेणखत न्या, लाकडं आणा, बाजाराला जा. दिसायला टोळासारखा. दोरीत मात्र चोख बसला, वर वीतभर उरली.

टाय बांधलेला एक तरुण माहिती सांगत होता. डावी मूठ दाबली की डावीकडं वळतो, उजवी दाबली की उजवीकडं. करीम भोवतीनं फिरला. खाली वाकला, वास घेतला, चाकाला गुडघा लावून ढकलून बघितलं. बैल बघायची त्याची हीच रीत होती. मग त्यानं विचारलं, "डाव्या अंगाचं आनि उजव्या अंगाचं, दोनीबी काम ह्यो एकलाच करतो?"

"एकटाच! हाच तर फायदा आहे. दुसरा कोणी लागतच नाही."

अण्णासो खिशात बिडी शोधायला लागला. ती कानावर होती.

"घे अण्णा," करीम म्हणाला. "ह्योच घे. चांगला हाय."

अण्णासो टायवाल्याला एकदम मोठ्यानं म्हणाला, "बोलीवर दे. आमच्यात बैल बोलीवर घेत्यात. आठवडाभर जुंपून बगायचा, चालला तर ठेवायचा, न्हाय तर ज्याचा त्याला." टायवाल्यानं आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन हो म्हणाला. मुलाखतीला बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

टिलर ट्रकनं वाडीवर आला, बरोबर शिकवायला टायवाला. शाळेच्या पटांगणात उतरवला. शांतव्वानं कुंकू लावून नारळ फोडला, लिंबू बांधलं. लालबीनं घरातून ऊद आणून चाकांभोवती धूर फिरवला आणि अण्णासोकडं न बघता निघून गेली. करीम कापूस पिंजून गाद्या भरणारा माणूस. त्यानं लोखंडी बैठकीच्या मापाची कापसाची गादी शिवून आणली होती. अण्णासोला मूळव्याध होती. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती आणि गादी बघितल्यावर सगळ्या वाडीला ठाऊक झाली.

टायवाल्यानं पटांगणात अण्णासोला दिवसभर शिकवलं. पटांगण सपाट, त्यामुळं शिक्षणही सपाट झालं. शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली तेव्हा टायवाला म्हणाला, "एक लक्षात ठेवा, उतारावर हे उलटं वागतं."

"आरं, बैलबी उतारावर उलटंच वागतो," अण्णासो म्हणाला. "वढायचं सोडून ढकलाय लागतो. आमाला नगं शिकवू. ज्या तू, गाडी चुकंल."

टायवाला धावत गेला. पोट भरून हसत अण्णासोनं त्याची नक्कल केली.

वाडी वर आणि खाचरं खाली. मध्ये तांबड्या मातीची उतरण. अर्ध्यावर वाट डावीकडं वळते आणि त्या वळणाच्या उजव्या हाताला, थोड्या सपाटीवर, करीमचा तरवा. मिरगाच्या आधी धूळपेर केलेली भाताची रोपं दोन पावसांनी वीतभर झाली होती, हिरवीगार, पोपटाच्या पंखासारखी. बैल नसलेल्या घराकडं तेवढंच होतं त्या दिवशी.

सकाळी अण्णासो गादीवर बसला. पोरं, म्हातारी, सरपंच, सगळी वाडी दोन्ही कडांना. टिलर फटफटत निघाला. वळण आलं. अण्णासोनं डावी मूठ दाबली.

टिलर उजवीकडं निघाला.

अण्णासोनं डावी मूठ आणखी दाबली. टिलर आणखी उजवीकडं गेला. अण्णासो ओरडला, "आरं हिकडं! हिकडं! हो, हो, होऽ!" मूठ दोन्ही हातांनी, सगळं अंग डावीकडं टाकून दाबली. टिलरला हे फार पटलं असावं. तो बांध ओलांडून करीमच्या तरव्यात शिरला, पहिल्या वाफ्यातून दुसऱ्यात गेला, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि तिथं चिखलात बसून स्वतःच बंद पडला. अण्णासो त्याच्या पुढं पडला होता. तोंडावर. गादी मात्र जागेवर होती.

हसू आधी पोरांना फुटलं, मग सगळ्यांना. हंबीरराव काठावरून म्हणाले, "अण्णासो, पैरा मोडायचा हुता तर तोंडानं सांगायचं. तरवा कशाला मोडलास?"

हसू थांबलं.

लालबी वाफ्यात उतरली. चिरडलेली रोपं मुठीत धरून ती अण्णासोसमोर उभी राहिली. "अण्णासाब, बैल हमारा मऱ्या, सबर कऱ्या हम. ये बी गया. अब क्या बोना, बोलो? कंकर?"

अण्णासोच्या मिश्यांतून चिखल गळत होता. तो म्हणाला, "भाबी..." आणि हातानं मिश्या पुसायला लागला. करीम पुढं झाला. "उठ अण्णा. लागलं न्हवं?" त्यानं हात दिला. मग चौघांनी दोर लावून टिलर बाहेर काढला. दोर ओढताना करीम सगळ्यात पुढं होता.

त्या दिवशी अण्णासो जेवला नाही. शांतव्वानं ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "आपला तरवा दाट हाय."

"बगितलंय मी."

"मग सांगायला जायाचं का मी जाऊ?"

तो गेला. करीम ओट्यावर कापूस पिंजत होता. अण्णासो उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलला, कुणाशी तरी भांडत असल्यासारखा. "माजा तरवा निम्मा तुजा. दोन घरचं भात त्यात लागतंय. पातळ लावायचं जरा. आनि आदी तुजी चिखलनी, मग माजी. आनि आठवडा भरला की त्यो टायवाला ईल, त्याचं यंत्र त्याला परत. आपन मोग्याला जोडी बगू."

पिंजणीची तात टुंग टुंग वाजत राहिली. करीम म्हणाला, "आता बाजार कुटला? पाऊस आला की डोक्यावर. यंत्र ऱ्हाऊ दे."

"आरं, त्यो डावं म्हटलं की उजवीकडं जातोय!"

"उतारावर. त्यो टायवाला म्हनला हुता की, उतारावर उलटं वागतं. मुठी उलट्या दाबायच्या आसत्याल."

"आसं म्हनला त्यो?"

"म्हनला. तू त्याची नक्कल करत हुतास."

दुसऱ्या दिवशी करीम गादीवर बसला. त्याला पटांगणात कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं विसरायचंही काही नव्हतं. वळणावर त्यानं उजवी मूठ हलकी दाबली आणि टिलर सुनेसारखा डावीकडं वळला, खाली खाचरात गेला.  खाचरात मात्र अण्णासोनं मुठी घेतल्या. सपाटीवर त्याचं शिक्षण झालेलं होतं. संध्याकाळी परतताना करीमनं चढावर बसून बघितलं. चढावर मुठी सरळच चालतात आणि त्याच्या हाताला आता उलटं लागलेलं. टिलर हंबीररावांच्या उकिरड्यात गेला. सरपंचांना ही बातमी गिरणीत जाऊन सांगावी लागली नाही, वासानंच पोचली.

तेव्हापासून ठरून गेलं. उतरताना करीम, खाचरात आणि चढताना अण्णासो. पाऊस लागला, तसा तो चंदगडचा पाऊस, आभाळाला भोक पडल्यासारखा. इरली डोक्यावर घेऊन बायका वाकलेल्या, पाय पांढरे पडलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. अण्णासो टिलरमागं गुडघाभर चिखलात चालत बोलत होता. बैल ऐकायचे, टिलरच्या आवाजात काहीच ऐकू जात नव्हतं, तरी तो बोलायचा. करीम बांधावरून होय होय म्हणायचा. आधी करीमची खाचरं झाली, मग अण्णासोची. एक तरवा दोन घरांना पातळ पातळ पुरला. मोग्या गोठ्यातून हे सगळं बघत रवंथ करायचा आणि रोज थोडा जाड व्हायचा.

लावण आटपल्यावर चौघं ट्रॉलीत बसून बाजाराला गेले. खाली करीमची मोठी गादी, त्यावर शांतव्वा आणि लालबी, मांडीवर पिशव्या. लालबी अजून अण्णासोशी बोलत नव्हती, पण त्याच्याबद्दल त्याच्यादेखत शांतव्वाशी बोलायला लागली होती. घाटाच्या माथ्यावर अण्णासोनं टिलर थांबवला. अण्णासो उतरला. करीम उतरला. अण्णासो ट्रॉलीत चढला, करीम बैठकीवर. मागं एस.टी. तटली. कंडक्टर डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ पावणं, संगीतखुर्ची खेळताय काय?"

"ड्रायव्हर बदलतोय!" अण्णासो ओरडला. "तुमच्यात न्हाय बदलत?"

लालबी पदरात तोंड घालून हसली. मग पदर काढून हसली. बाजारात तिनं अण्णासोला विचारलं, "अण्णासाब, भजी खाते क्या?" तरव्यानंतर हा पहिला शब्द होता, आणि अण्णासोनं त्याच्या उत्तरादाखल दोन प्लेटी भजी खाल्ली. मूळव्याध बघता हे धाडसच होतं.

श्रावण सरता सरता करीमच्या पुतणीचं लग्न निघालं, हुपरीला. करीम आणि लालबी गेले. अण्णासोनं सांगितलं, "ज्या, टिलर परड्यात बसंल निवांत."

नेमकं त्याच सकाळी खालच्या खाचराचा बांध फुटला. पाणी भात घेऊन निघालं होतं. दगड पाहिजेत, मातीच्या पाट्या पाहिजेत, ते सगळं वर परड्यात. डोक्यावरून नेत बसलं तर खेप पोचेपर्यंत खाचर राहत नव्हतं. शांतव्वा पुढं पळाली आणि फावड्यानं पाणी तोडायला लागली.

तिनं मान वर केली तर उतरणीवरून टिलर येत होता. ट्रॉली दगडांनी भरलेली. गादीवर अण्णासो, एकटा, तोंड मिटलेला. वळण आलं. त्यानं उजवी मूठ दाबली, हलकी, बोटांनीच. टिलर डावीकडं वळला. तरव्याच्या मोकळ्या वाफ्यांना चाटून न जाता, वाट न सोडता, खाली येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

शांतव्वा फावडं टेकून बघत राहिली.

"कवापासनं येतंय हे?"

अण्णासोनं दगड उतरवायला घेतले. "बगतीस काय? पानी तोड."

"मी काय इचारलं?"

"पैल्या आठवड्यापासनं," तो दगडाकडं बघून म्हणाला. "करीम चालवताना बगून बगून. आवगड काय हाय त्यात." मग थांबून म्हणाला, "कुनाला बोलू नगंस."

ती बोलली नाही. दोघांनी दुपारपर्यंत बांध घातला. संध्याकाळी तो चढावरून वर गेला तो मोठ्यानं गात गेला, म्हणजे वाडीला कळावं, की हा चढ आहे.

रात्री पाऊस पडला नाही. सकाळी करीम हुपरीहून आला, नवी टोपी, खिशात लग्नातली सुपारी. अण्णासोनं टिलर उतरणीच्या तोंडाशी आणून उभा केला होता आणि बाजूला बिडी ओढत बसला होता.

"कुटं ऱ्हायलास इतका येळ? कवाधरनं थांबलोय."

करीम उतरणीकडं बघत होता. तांबड्या चिखलात चाकांच्या खुणा उमटल्या होत्या आणि उन्हानं वाळायला लागल्या होत्या. नेमक्या रेघा. वळणावर कुठं घसरण नाही, अडखळणं नाही, थेट खालपर्यंत.

"अण्णा, काल कोन आलतं व्हय यंत्र घिऊन हितनं?"

"न्हाय बा."

"कुनीच न्हाय?"

"आरं न्हाय म्हनतो न्हवं. हितं तुज्याबिगर कुनाला उतरतंय ते?"

करीमनं वाकून खुणेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यानं मान हलवली.

"व्हय," तो म्हणाला. "पर कोनबी आसंल, वळान बरं घेतलंय त्यानं."

"आसंल. मला काय म्हाईत?"

करीमनं नवी टोपी काढून खिशात घातली आणि गादीवर बसला. अण्णासो मागं ट्रॉलीत चढला, पाय पसरले आणि टिलर सुरू व्हायच्या आतच बोलायला लागला. करीमनं दोन्ही मुठी धरल्या.

"हळू घे रं," अण्णासो म्हणाला. "उतार हाय."